शिक्षण परिषदेतला तास आणि शनिवारचं विज्ञान मंडळ: सहावी ते आठवीसाठी दोन्ही जोडायचे कसे?

नदीकाठची_शाळा (प्रश्न)

जिल्हा परिषदेची शाळा, सहावी ते आठवीचा पट ४६, विषयशिक्षक दोनच: एक गणित-विज्ञान, दुसरे भाषा आणि समाजशास्त्र. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा शेवटची ७० मिनिटं विज्ञान मंडळाला देता येतील. केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) मासिक शिक्षण परिषदेत, म्हणजे शिक्षकांच्या बैठकीत, उच्च प्राथमिकसाठी दीड तास असतो. सध्या त्यात स्लाइड वाचल्या जातात, गटचर्चेचे फोटो निघतात आणि सोमवारी वर्ग होता तिथेच असतो. केंद्रप्रमुखांनी पुढच्या चार परिषदांमधला हा तास आमच्या शाळेकडे दिला आहे. १० शाळांचे मिळून १४ विषयशिक्षक येतात.

विचारायचं असं:
१. दीड तासात काय घ्यावं, म्हणजे ते त्याच महिन्यात मुलांपर्यंत जाईल?
२. तिन्ही इयत्ता एकत्र बसवून मंडळ चालतं का?
३. सामानाचा खर्च कुठून करायचा?
४. पालकांचं म्हणणं, मंडळ कसलं करता, त्या वेळात एनएमएमएसची (आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेची) तयारी घ्या. त्यांना काय सांगावं?

---

ओळंबा

एका परिषदेत एकच प्रयोग घ्या, आणि तोही शिक्षकांच्या हातून. जे साहित्य, जो तक्ता, जो प्रश्न मुलांना द्यायचा तोच शिक्षकांना द्यायचा. ‘शिक्षकांसाठी वरच्या पातळीचं’ काही घ्यायला गेलात की गाडी परत स्लाइडवर येते.

पहिल्यासाठी लंबक घ्या. स्वस्त आहे, सगळ्यांना ‘येतो’ असं वाटतं आणि हातात घेतल्यावर निम्म्यांचं चुकतं. प्रशिक्षणाला याहून सोयीचा विषय नाही.

दर गटाला (चौघांचा गट) लागेल ते: दीड मीटर सुती दोरा, तीन सारखे लोखंडी नट, एक जेम क्लिप, दोन लाकडी पट्ट्या, रबर, मीटरपट्टी. नायलॉनचा दोरा नको, तो ताणला जातो. स्टॉपवॉच नसलं तरी अडत नाही, सेकंदकाटा असलेलं भिंतीवरचं एक घड्याळ सगळ्या वर्गाला पुरतं.

आधी प्रत्येकाने कागदावर भाकीत लिहायचं: नट एकाचे तीन केले तर २० आंदोलनांना लागणारा वेळ वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील? लिहून घ्याच. तोंडी विचारलं तर एक जण बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. मग २५, ५० आणि १०० सेंटीमीटर लांबीला २० आंदोलनं, प्रत्येकी तीनदा. साधारण २०, २८ आणि ४० सेकंद यायला हवेत.

चुका ठरलेल्या आहेत, त्या आधी सांगू नका, होऊ द्या:

सोडताना ‘एक’ म्हणतात. म्हणायचं असतं ‘शून्य’. ‘एक’ म्हटलं की प्रत्यक्षात १९ आंदोलनंच मोजली जातात आणि ४० च्या जागी ३८ सेकंद येतात. गंमत म्हणजे २५ सेंटीमीटरलाही १९ येतात, त्यामुळे ‘लांबी चौपट तर वेळ दुप्पट’ हे बरोबरच निघतं आणि चूक झाकली जाते. दोन गटांचे आकडे फळ्यावर शेजारी लिहिल्यावरच ती दिसते.

नट एकाखाली एक ओवतात. मग वजनाबरोबर लांबीही वाढते, कारण लांबी मोजायची ती टांगलेल्या बिंदूपासून वजनाच्या मध्यापर्यंत. वेळ थोडा वाढतो आणि गट छातीठोकपणे सांगतो, ‘वजनाने फरक पडतो.’ तिन्ही नट जेम क्लिपच्या आकड्यात शेजारी-शेजारी अडकवले की फरक जातो. अख्ख्या तासाचं सार इथे आहे. मुलांना ‘एका वेळी एकच गोष्ट बदला’ हे वाक्य पाठ असतं. तीन नट अडकवताना आपण दोन गोष्टी बदलल्या, हे त्यांना स्वतःला सापडायला हवं.

दोरा खिळ्याला गुंडाळतात. झोका घेताना तो सुटतो-गुंडाळतो आणि लांबी बदलत राहते. दोन पट्ट्यांच्या फटीत दोरा धरून पट्ट्यांना रबर लावा.

चौथी चूक, लांब ओढून सोडणं. १०० सेंटीमीटरला बाजूला १५ सेंटीमीटर ओढलं तरी भरपूर झालं. ६० अंशांवरून सोडलं तर ४० चे ४३ सेकंद होतात.

वेळ: भाकीत १०, प्रयोग ३५, फळ्यावर सगळ्या गटांचे आकडे आणि त्यावर वाद २५, शनिवारचं नियोजन २० मिनिटं. वादाची २५ मिनिटं कापू नका. कापायचंच असेल तर स्वागत-सत्कार कापा.

---

हजेरीपट

ओळंबा सरांच्या आराखड्यात पुढच्या परिषदेची पहिली २० मिनिटं घाला, नाहीतर साखळी तुटते.

प्रत्येक शाळेने पुढच्या वेळी मुलांच्या तीन वह्या आणायच्या. कोणाच्या, ते आधीच ठरवायचं: हजेरीपटावरचे ३, ८ आणि १३ क्रमांक. शिक्षकांवर सोडलंत तर तीन हुशार मुलींच्या सुवाच्य वह्या येतात आणि त्यातून कळत काहीच नाही. वह्या शेजारच्या शाळेच्या शिक्षकांनी वाचायच्या आणि तीनच गोष्टी पाहायच्या: भाकीत प्रयोगाआधी लिहिलंय का, तिन्ही वेळचे आकडे आहेत की फक्त एक ‘बरोबर’ आकडा, निष्कर्ष स्वतःच्या आकड्यांवरून काढलाय की पुस्तकातून उतरवलाय. तिन्ही वेळेस बरोबर ४०.० लिहिलं असेल तर ते मोजलेलं नाही, हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण ते वहीच्या मालकाला न दुखावता कसं सांगायचं, याची चर्चा कोणत्याही प्रशिक्षणात होत नाही. ती करा.

पहिल्या महिन्यात १० पैकी चार शाळाच वह्या आणतील. चारवरच काम करा, न आणणाऱ्यांना बोल लावू नका. परिषदेला तपासणीचा वास आला की पुढच्या वेळी रात्रीत बसून भरलेल्या वह्या येतात.

कागदावरचा मुद्दा: राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांचा व्यावसायिक विकास अपेक्षित धरला आहे. दीक्षा या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरच्या कोर्सचं प्रमाणपत्र निघतं, या दीड तासाचं आपोआप निघत नाही. म्हणून इतिवृत्तात विषय, वेळ आणि उपस्थिती नीट लिहून केंद्रप्रमुखांची सही घेत चला.

---

सुताराचा_गुण्या

तिन्ही इयत्ता एकत्र चालतात. उलट बऱ्या चालतात. ४६ मुलांचे ११ गट: नऊ गट चौघांचे, दोन पाचांचे. प्रत्येक गटात तिन्ही इयत्तांची मुलं हवीत. कामं चार: मोजणारा, वेळ पाहणारा, लिहिणारा, सामान सांभाळणारा. दर शनिवारी कामं फिरवायची आणि कोणाकडे काय होतं ते वहीच्या पानावर वरच लिहायचं. फिरवली नाहीत तर महिनाभराने लिहिणारी कायम मुलगी, सामान हाताळणारा कायम आठवीतला मुलगा आणि सहावीतली मुलं प्रेक्षक, असं चित्र होतं.

एका प्रश्नाला दोन शनिवार द्या. पहिल्यात सगळे एकच प्रयोग करतात आणि शेवटी प्रत्येक गट ‘आता आम्हाला हे पाहायचंय’ असा एक प्रश्न लिहून देतो. दुसऱ्यात गट आपला प्रश्न तपासतो. पहिल्या खेपेला निम्मे प्रश्न ‘लंबक म्हणजे काय?’ छापाचे येतील. ते परत द्या आणि सांगा, ‘मोजून उत्तर मिळेल असा प्रश्न हवा.’

आता दप्तराविना दिवसांबद्दल. धोरणात सहावी ते आठवीच्या काळात १० दप्तरमुक्त दिवस आणि त्यात सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांबरोबर काम सुचवलं आहे. प्रत्यक्षात बरेचदा मुलं ओळीत उभी राहून कारागिराला बघतात आणि घरी जातात. त्याऐवजी गवंड्याला बोलवा आणि एकच काम द्या: मैदानावर २० फूट बाय १२ फूट खोलीची आखणी, चुन्याच्या फक्कीने.

गवंडी काटकोन ३-४-५ ने काढतो. एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट, आणि तिरकं अंतर ५ फूट आलं की कोन गुण्यात, म्हणजे बरोबर काटकोन. सातवीच्या पायथागोरसला याहून चांगला पाहुणा नाही. पण मुलांकडून पुढचंही करून घ्या. तिरक्यात मुद्दाम एक इंच चूक करा, म्हणजे ५ फुटांऐवजी ५ फूट १ इंच. कोन ९२ अंश होतो, आणि २० फुटांच्या भिंतीचं टोक साधारण ८ इंच सरकतं. आता ६-८-१० घ्या आणि चूक तीच एक इंचाची ठेवा: कोन ९१ अंश, सरकणं निम्मं. मोठा त्रिकोण का घ्यायचा, ते गवंड्याला अनुभवाने ठाऊक असतं. मुलांना ते टेपने मोजून कळतं.

बिघडतं कुठे? दोरी सैल पडते, टेपचा पुढचा आकडा वाकलेला असतो, आणि एक गट फूट-इंचात तर दुसरा सेंटीमीटरमध्ये मोजतो. टेप १० सेंटीमीटरच्या खुणेपासून लावा आणि शेवटी १० वजा करा, म्हणजे वाकड्या आकड्याचा प्रश्न मिटतो. वजा करायला कोणीतरी विसरणारच. चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजायला लावलं की तेही सापडतं.

आणि गवंड्याला त्या दिवसाची मजुरी द्या हो. ‘समाजसहभाग’ म्हणून फुकट बोलावलं की तो दहाला येतो आणि अकराला जातो.

---

नदीकाठची_शाळा

वह्यांची युक्ती लगेच घेतो. दोन शंका. दुसऱ्या परिषदेसाठी जास्वंदीचा दर्शक (रंगावरून आम्ल-आम्लारी ओळखायचा) घ्यायचा विचार आहे, त्यात काय सांभाळावं? आणि भाषेच्या मॅडमना मंडळात काय काम द्यावं? त्यांना वाटतं, हे ‘विज्ञानवाल्यांचं’ आहे.

---

लिंबू_टिंबू

जास्वंद चांगली, फक्त लाल, एकेरी पाकळ्यांची घ्या. ८-१० पाकळ्या, १०० मिलिलिटर गरम पाणी, १० मिनिटं झाकून ठेवा आणि गाळा. आम्लात रंग गडद गुलाबी-लाल होतो, आम्लारीत हिरवट. अर्क दोन दिवसांत नासतो, त्यामुळे शुक्रवारी सायंकाळी करा, सोमवारी नको. जास्त टिकवायचं असेल तर जाड चित्रकलेच्या कागदाच्या पट्ट्या अर्कात भिजवून सावलीत वाळवा. उन्हात वाळवल्या तर रंग उडतो.

नमुने: लिंबू, चिंचेचं पाणी, मिठाचं पाणी, खाण्याचा सोडा, साबणाचं पाणी, चुन्याची निवळी. निवळी आदल्या रात्री शिक्षकांनी स्वतः करायची आणि वरचं नितळ पाणीच वर्गात आणायचं. संडास साफ करायचं ॲसिड कोणी कितीही उत्साहाने आणलं तरी परत पाठवा.

मुख्य घोटाळा ड्रॉपरचा. एकच ड्रॉपर साबणातून लिंबात गेला की लिंबाचा नमुना बिघडतो आणि मुलं ‘लिंबू उदासीन’ असं लिहितात. सहा नमुन्यांना सहा नळ्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि नाव. प्रत्येक वेळी अर्काचे १० थेंब, नमुन्याचे पाच. रंग पांढऱ्या कागदावर, खिडकीजवळ पाहायचा. ट्यूबलाइटखाली हिरवट आणि करडा यांत भांडणं होतात.

सोबत हळदीची पट्टी ठेवा, पण तिचा उपयोग वेगळा. हळद आम्लारीत लालसर होते, मात्र आम्लात आणि साध्या पाण्यात पिवळीच राहते. म्हणून दुसऱ्या शनिवारचा प्रश्न तयारच आहे: फक्त हळद दिली तर सहांपैकी कोणते नमुने एकमेकांपासून वेगळे ओळखता येणार नाहीत? शिक्षकांनाही हाच प्रश्न द्या, थोडी शांतता पसरते.

भाषेच्या मॅडमचं काम सगळ्यात अवघड आहे खरं तर. ‘रंग बदलला’ आणि ‘लिंबाचे पाच थेंब घातल्यावर अर्क जांभळट होता तो गडद गुलाबी झाला’ या दोन वाक्यांतला फरक मुलांना शिकवणं हे भाषेचंच काम. निरीक्षणाच्या वहीची भाषा त्यांच्याकडे द्या. कृती लिहून घ्या आणि दुसऱ्या गटाला फक्त ते वाचून प्रयोग करायला लावा. जिथे अडेल तिथे वाक्य सुधारायचं. हा पूर्ण तास होतो आणि मराठीच्या विषयात धरता येतो.

---

नर्मदामाई

हे सगळं वाचताना होशंगाबाद आठवणं साहजिक आहे. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये १६ माध्यमिक शाळांत, म्हणजे नेमक्या सहावी ते आठवीतच, होशंगाबाद विज्ञान हा प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी ते उभं केलं, १९८२ पासून एकलव्य या संस्थेने सांभाळलं आणि ते शेकडो सरकारी शाळांत पोचलं. २००२ मध्ये राज्य सरकारने बंद केलं. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे सांगाडे आपल्याकडे ज्यांच्यामुळे घरोघरी गेले ते अरविंद गुप्ता पुण्याच्या टेल्कोतून (आताची टाटा मोटर्स) रजा घेऊन १९७८ मध्ये तिथेच गेले होते.

तिथून उचलण्यासारखं म्हणजे मासिक गोष्ठी: आसपासच्या शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा भेटून वर्गात काय अडलं तेवढंच बोलायचे. आपली शिक्षण परिषद रचनेने तीच आहे, आत काय भरायचं तेवढाच प्रश्न. दुसरी गोष्ट परीक्षेची. तिथे पुस्तक उघडं ठेवून पेपर असे आणि प्रयोगाचीही परीक्षा होई. वर्गात प्रयोग आणि परीक्षेत पाठांतर असं ठेवलं की मुलं दोन महिन्यांत ओळखतात खरं काय ते. तुमच्या हातात आकारिक (वर्षभर चालणारं) मूल्यमापन आहे. प्रात्यक्षिकाचे गुण या शनिवारच्या वह्यांवर द्या, वेगळी फाइल नको.

हजेरीपट यांच्याशी एका बाबतीत असहमत. वह्या पाहण्याआधी निदान एकदा शाळेत जाऊन शनिवार पाहायला हवा. वहीत गोंगाट दिसत नाही, आणि पहिल्या महिन्यात शिक्षक माघार घेतात ते गोंगाटामुळे.

---

हजेरीपट

मान्य, पण शनिवारी सगळ्याच शाळा सकाळच्या. जाणार कोण? चार मिनिटांचा व्हिडिओ, गटाच्या टेबलावर मोबाइल ठेवून, चित्रात शिक्षक न येता फक्त मुलांचं बोलणं ऐकू येईल असा, हा मधला मार्ग. तो परिषदेच्या खोलीतच दाखवायचा, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही.

---

पावती_जोडा

खर्चाचं. ११ गटांचे ३३ नट, १७ मीटर दोरा, क्लिपा, रबर, नळ्या, पाकळ्या: टेप सोडला तर यात महाग काहीच नाही. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या संयुक्त शाळा अनुदानातून होतं. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ‘विज्ञान साहित्य’ असा ठराव आणि पक्की पावती. अनुदान हाती यायला उशीर होतो, म्हणून सुरुवातीला फक्त दोरा-नट घ्या, टेप नंतर. आणि संपणाऱ्या वस्तूंची यादी डब्याच्या झाकणावर आतून चिकटवा. पेटी मरते ती चोरीने नाही, संपलेलं परत न भरल्याने.

मंडळातून निघालेल्या प्रश्नांना पुढे वाट हवी असेल तर इन्स्पायर मानक ही मुलांच्या नव्या कल्पनांसाठीची केंद्र सरकारची योजना आहे. सहावीपासूनच्या मुलांच्या पाच कल्पना शाळेला पाठवता येतात, निवड झाली तर मॉडेलसाठी १०,००० रुपये विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. दोन ठिकाणी अडतं. एक, खात्यावरचं आणि नोंदणीतलं नाव जुळत नाही. ते निवडीआधी तपासा. दोन, कल्पना यूट्यूबवरून येते: अंध व्यक्तींची काठी, पावसात आपोआप आत जाणारी कपड्यांची दोरी. या हजारदा आल्या आहेत. ‘तुझ्या घरात रोज कोण कशावरून वैतागतं’ असं विचारून आठवडाभर यादी करायला लावा, मग कल्पना मागा.

---

उत्तरसूची

एनएमएमएसबद्दल पालकांशी वाद घालू नका, त्यांचं म्हणणं रास्त आहे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, आणि घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असणाऱ्यांनाच बसता येतं. ज्यांच्यासाठी ही रक्कम मोठी आहे तेच लोक विचारतायत.

पण परीक्षा आठवीची आहे. सहावीच्या मुलांना दोन वर्षं सराव प्रश्नपत्रिका सोडवायला बसवणं निव्वळ वाया. ९० मिनिटांचे दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न: एक बौद्धिक क्षमता चाचणी, दुसरी शालेय क्षमता. शालेयमध्ये विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५, गणित २०. प्रश्नाला एक मिनिट, म्हणजे तयारी वेगाची, आणि ती शनिवारी होत नाही. आठवीसाठी रोज परिपाठानंतर १५ मिनिटांत १५ प्रश्न घ्या आणि चुकलेल्याचं कारण लगेच लिहायला लावा: वाचनाची चूक, माहिती नव्हती, की वेळ संपला. महिन्याने तीन रकाने मोजले की कोणाला काय हवं ते कळतं. पालकांना हे वेळापत्रक कागदावर द्या. शनिवार मग कोणी मागत नाही.

---

ओळंबा

चौथ्या परिषदेसाठी एक सुचवतो, मार्चमध्ये जमेल. २० किंवा २१ मार्चला मध्यान्हीच्या सावलीवरून आपलं अक्षांश काढता येतं. १०० सेंटीमीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी केली तर सर्वांत आखूड सावली कोल्हापुरात सुमारे ३०, पुण्यात ३३.५ आणि नागपुरात ३८.७ सेंटीमीटर पडते. सप्टेंबरमध्येही असाच विषुवदिन (दिवस-रात्र समान असतात तो दिवस) असतो, पण ढगांचा भरवसा नाही.

घड्याळात बारा वाजता मोजू नका. त्या दिवशी पुण्याची मध्यान्ह साधारण १२:४२ ला, नागपूरची १२:२१ ला. दर पाच मिनिटांनी खूण करत अर्धा तास आधीपासून अर्धा तास नंतरपर्यंत मोजा आणि सर्वांत आखूड सावली घ्या. वार शनिवार आला तरी शाळा तोवर सुटलेली असते, वेळ आधी ठरवून घ्या.

केंद्रातल्या १० शाळांनी एकमेकांशी आकडे ताडून पृथ्वीचा परीघ काढायचा मोह होईल, तो टाळा. उत्तर-दक्षिण २० किलोमीटरला सावलीत फरक पडतो ३-४ मिलिमीटर, आणि सावलीचं टोकच जवळपास एक सेंटीमीटर धूसर असतं. त्यासाठी कोल्हापूरकडच्या शाळेने नागपूरकडची शाळा गाठायला हवी. उत्तर-दक्षिण अंतर नकाशावरून घ्यायचं, रस्त्याचं नाही.

---

नदीकाठची_शाळा

पहिल्या परिषदेसाठी लंबक पक्का, दोरा-नट उद्या आणतो. नागपूर, भंडारा, गोंदिया भागातली सहावी ते आठवीची शाळा मार्चमध्ये सोबत मोजायला तयार असेल तर इथेच सांगा. आम्ही सांगली जिल्ह्यात आहोत.